वरपक्ष पलीकडे

एखाद्या समाजाची संस्कृती जोखायची असेल तर त्याची देवळं आणि ग्रंथालयं पाहू नयेत, त्याची माणसं रस्ता कशी ओलांडतात ते पाहावं, असं यज्ञेश्वर रिसबूड यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बऱ्याच ठिकाणी मांडलं होतं. ते स्वतः मात्र कित्येक वर्षांत रस्ता ओलांडायला गेले नव्हते.

धायरीत राहायला आल्यापासून त्यांनी आपलं आयुष्य हळूहळू मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आणून ठेवलं होतं. न्हावी अलीकडचा, किराणा अलीकडचा, बँक अलीकडची. दातांच्या डॉक्टरने दवाखाना पलीकडे हलवला, तेव्हा रिसबुडांनी डॉक्टर बदलला. नवा डॉक्टर दात दुखवायचा, पण अलीकडे दुखवायचा. पलीकडे काय चाललंय ते गॅलरीतून दिसत असे आणि तेवढं त्यांना पुरे होतं. नाशिकला, हंपीला, एकदा तर काठमांडूलासुद्धा ते जाऊन आले होते. समोर गेले नव्हते.

अशा माणसाने मुलीच्या लग्नाचं कार्यालय अलीकडे घेतलं आणि वरपक्षाच्या उतरण्याची सोय पलीकडच्या हॉटेलात केली. कारण विचारलं, तर म्हणाले, ‘समोरच तर आहे!’

वरपक्ष फिनलंडचा होता. त्यांची मुलगी पूर्णिमा तिकडे नोकरीला गेली आणि पहिल्याच आठवड्यात घाबऱ्या आवाजात तिचा फोन आला, ‘बाबा, इथे मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले, तर गाडी थांबली. मला वाटलं बंद पडली. मी मागे सरकले, तरी ती जाईना.’ रिसबुडांनी तिला सांभाळून राहायला सांगितलं. पुढे तिला युहानी भेटला. त्याची गाडीही बहुधा अशीच थांबली असावी. आता युहानी, त्याचे वडील रेयो आणि आई पिर्को अशी तीन माणसं लग्नासाठी पुण्यात उतरली होती. वरपक्ष तेवढाच. कार्यालयाच्या मॅनेजरने तीनदा विचारून खात्री करून घेतली होती.

‘अहो, त्यांच्यासाठी एक गाडी सांगून ठेवा,’ असं रिसबुडांच्या पत्नी शैलाताई महिनाभर सांगत होत्या.

‘समोर जायला गाडी? हॉटेलच्या दारातून कार्यालयाची कमान दिसते.’

‘दिसते. पण येता येतं का?’

‘शैला, माणूस चंद्रावर जाऊन आला.’

‘तो रॉकेटने गेला. तुमच्याच्याने साधी गाडी सांगवत नाहीये.’

लग्नाची बाकी सगळी कामं शैलाताईंनी स्वतःकडे ठेवली होती. तीन पंचांगं आणि दोन जोशी पालथे घालून त्यांनी बारा सतराचा मुहूर्त काढला होता. मुहूर्ताबद्दल त्या हळव्या होत्या, त्याला कारण होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त टळला होता, कारण रिसबुडांकडची मंडळी फराळाला बसली ती उठेचनात. पुढे एकतीस वर्षांच्या संसारात जे जे बिनसलं, गळक्या टाकीपासून रिसबुडांच्या हुकलेल्या बढतीपर्यंत, ते सगळं त्या फराळाच्या खाती जमा होतं. मुलीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं. मुलगी तेव्हा झालेली नव्हती. आणि पूर्णिमा आता इतक्या लांब जाणार, की तिकडे काही बिनसलं तर धावून जाता येणार नाही. निदान मुहूर्त तरी आपल्याकडून चुकायला नको.

रिसबुडांकडे त्यांनी एकच काम दिलं होतं. ‘मुलगा मुहूर्ताआधी बोहल्यापाशी आणून उभा करा. एवढं एक करा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल. नेहमीसारखं.’

त्या दिवशी सकाळी भाचा ऋषी हार आणायला मंडईत निघाला होता. जाता जाता त्याने मामांना हॉटेलच्या दारात सोडलं, त्यामुळे पलीकडे जाण्याचा प्रश्न परस्पर सुटला. अकराच्या सुमाराला रिसबूड वरपक्षाला घेऊन बाहेर आले. ऊन असं होतं, की डांबराला बूट चिकटत होते. युहानी फेट्यात आणि शेरवानीत आतून वाफाळत होता. विहीणबाईंनी नऊवारीचा हट्ट धरला होता आणि तो हॉटेलातल्या मुलींनी असंख्य टाचण्यांनी पुरवला होता. समोर, रस्त्याच्या पार तिकडे, झेंडूची कमान दिसत होती. सनई ऐकू येत होती. मधून बस, टेंपो, टँकर, रिक्षा आणि ज्यांना मोजण्यात अर्थ नाही अशा दुचाकी चालल्या होत्या.

पादचाऱ्यांसाठी तिथे कधीकाळी पांढरे पट्टे होते आणि एक दिवाही होता. दिव्यात लाल माणूस उभा होता. व्याही रेयो त्या लाल माणसासमोर जाऊन तितकेच ताठ उभे राहिले.

रेयो बोलायचे कमी. पुण्यात आल्यापासून त्यांनी फक्त चहाबद्दल एकदा आणि उन्हाबद्दल एकदा मत दिलं होतं. बराच वेळ गेल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘हा हिरवा कधी होतो?’

‘होत नाही,’ रिसबूड म्हणाले.

रेयोंनी त्यावर विचार केला. ‘मग लोक कधी जातात?’

‘जातात की.’

‘लाल असताना?’

‘लालच असतो.’

रेयोंनी मान हलवली. त्यांना पटलं असावं. पण ते जागचे हलले नाहीत.

युहानीने मोबाईल काढला. परक्या शहरात रस्ता कसा ओलांडावा याची माहिती त्याने विमानातच वाचून ठेवली होती. पूर्णिमाचं ऐकून तो सासऱ्यांनाही बाबाच म्हणायचा. ‘बाबा, इथे लिहिलंय, गाडीवाल्याच्या नजरेला नजर द्यावी. म्हणजे आपण आहोत हे त्याला कळतं.’

‘ते तुमच्याकडे,’ रिसबूड म्हणाले. ‘इथे नजर मिळाली की त्याला कळतं, ह्याने मला पाहिलंय. म्हणजे आता थांबायचं ह्याने. मग तो वेग वाढवतो. इथे बघायचं नाही. आपल्याला काही दिसत नाही, किंवा हा रस्ता आपल्याच वाडवडिलांनी बांधलाय, असा चेहरा करून चालायचं.’

हे सांगताना त्यांच्या आवाजात अधिकार होता. गॅलरीतून त्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

‘मग चला,’ युहानी म्हणाला.

रिसबुडांनी तसा चेहरा केला आणि ते दोन पावलं पुढे गेले. एका स्कूटरवालीने न थांबता ‘काका, घरी सांगून आलात का?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली. रिसबूड तीन पावलं मागे आले. म्हणजे एकंदरीत तोटाच झाला.

तेवढ्यात मेथीची जुडी डोकावणारी कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी या चौघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘इथे बस थांबत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘आम्हाला पलीकडे जायचंय.’

‘मग जा की. आमंत्रण पाहिजे का?’

‘ही मंडळी परदेशातली आहेत. लग्न आहे हो समोर.’

‘परदेशात रस्ते नसतात?’ असं म्हणून बाईंनी सर्वांत जवळचं मनगट धरलं, ते पिर्कोंचं निघालं, आणि त्या चालू लागल्या. उजवा हात त्यांनी खाली, तळवा गाड्यांकडे करून धरला होता, अंगावर येणाऱ्या ओळखीच्या कुत्र्याला ‘गप’ म्हणतात तसा. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. एक बस करकचून थांबली. पिर्कोंच्या तोंडून फिनिशमध्ये काहीतरी निघालं. तो देवाचा धावा असावा. मग टँकर आडवा आला, आणि तो गेला तेव्हा रस्त्यात कोणी नव्हतं.

रिसबूड टाचा उंचावून पलीकडे बघू लागले. तोच फोन वाजला.

‘विहीणबाई आल्या,’ शैलाताई म्हणाल्या. ‘एकट्याच आल्या. त्यांच्या हातात मेथीची जुडी आहे. हा काय प्रकार आहे?’

‘आलोच आम्ही.’

‘कुठे आहात?’

‘समोरच.’

‘ते मला माहितीये तुम्ही समोर आहात. मला दिसताय तुम्ही. साडेअकरा वाजले. बरं, गुरुजी पण अजून आलेले नाहीत.’

‘येतील गं. नऱ्ह्याची वास्तुशांत उरकून येतो म्हणाले. स्कूटर आहे त्यांच्याकडे.’

त्यांनी ऋषीला फोन लावला. ऋषी मंडईतच होता. हार तयार होते, गाडीच्या मागे एक टेंपो लागला होता आणि टेंपोवाला जेवायला गेला होता. मग त्यांनी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली.

‘कुठं?’

‘समोर.’

रिक्षावाल्याने समोर पाहिलं. ‘ती कमान?’

‘हो.’

‘दिसतीये की.’

‘हो, पण जायचंय.’

‘काका, वळायला पार पुढं जावं लागतं. तिथं खोदलंय. तासभर धरून चाला.’ त्याने फेट्यातल्या युहानीकडे सहानुभूतीने पाहिलं. ‘त्यापेक्षा नवरीलाच इकडं बोलवा.’ आणि तो गेला.

रिसबूड फुटपाथच्या कडेला टेकले. गुडघे दुखत होते. कालची रात्र पाहुण्यांना गादी देऊन स्वतः सतरंजीवर काढली होती. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या अध्यात न मध्यात असं धोरण ठेवलं होतं, ते याचसाठी, की अशी वेळ येऊ नये. लग्नात बँड नको, आवाज होतो, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. फटाके नकोत, घोडा नको, मिरवणूक नको. साधं, सुटसुटीत. इतकं सुटसुटीत, की मुलीकडची अलीकडे सुटली होती आणि मुलाकडची पलीकडे. रेयो त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोघे व्याही समोरच्या कमानीकडे बघत राहिले, लोक समुद्राकडे बघत बसतात तसे.

‘पूर्णिमा हा रस्ता रोज ओलांडायची?’ रेयोंनी विचारलं.

‘कॉलेजला असताना. रोज.’

‘तुम्हाला भीती वाटायची नाही?’

रिसबुडांनी विचार केला. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहायचे. ती पलीकडे पोचून हात हलवायची, मग ते चहा घ्यायला आत जायचे. आधी कधी घेत नसत.

‘सवय होते,’ ते म्हणाले.

रेयोंनी त्यांच्या गुडघ्यावर एकदा थाप मारली आणि हात काढून घेतला. तेवढ्यात बाजूला कुणीतरी ट्रम्पेट फुंकून पाहिलं.

हॉटेलच्या बाजूच्या बोळात लाल कोट, सोनेरी झालर अशा वेषातली दहाबारा माणसं चहा पीत उभी होती. रिसबूड उठले. एवढ्या झटक्यात ते अलीकडे कशासाठीच उठले नव्हते.

‘तुम्ही बँडवाले का?’

‘नाही, आम्ही सैन्यातले,’ सर्वांत जाड झालरवाला म्हणाला. ‘बोला साहेब. मी नियाज. बँड माझाच.’

‘मोकळे आहात का?’

‘आमचा नवरदेव वाघोलीहून निघालाय. अजून येरवड्यातच अडकलाय म्हणे. तोवर मोकळेच.’

‘तेवढ्यात आमची एक वरात काढाल?’

‘कुठनं कुठं?’

‘इथून समोर.’

नियाजभाईंनी समोर पाहिलं. ‘एवढ्याला वरात म्हणत नाहीत साहेब.’

‘मग काय म्हणतात?’

‘रस्ता ओलांडणं म्हणतात.’

‘तेच जमत नाहीये हो,’ रिसबूड म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. ‘बारा सतराचा मुहूर्त आहे. मुलगी माझी आहे. हा जावई. हे व्याही. एक विहीण गेली पुढे, एका बाईंबरोबर.’

नियाजभाईंनी जावयाकडे पाहिलं. फेट्याचा रंग घामाने गालावर उतरला होता. त्यांनी चहाचा पेला ठेवला. ‘चला रे पोरांनो. बोटं मोकळी होतील. पण साहेब, परत येतानाही वाजवत येणार, आधीच सांगतो.’

‘ते कशाला?’

‘नाहीतर आम्ही पलीकडून येणार कसे?’

ढोल वाजला, ताशा कडाडला, आणि कुठल्यातरी जुन्या सिनेमातलं गाणं घेऊन बँड लाल माणसाच्या नाकासमोरून रस्त्यात उतरला. रस्ता थांबला. हे लिहायला फार सोपं आहे. ज्या टँकरने सकाळपासून कुणालाही जुमानलं नव्हतं, त्याने हॉर्नवरचा हात काढला. बसच्या खिडक्यांतून माणसं वाकली. दुचाकीवाल्यांनी मोबाईल काढले. पुण्यात माणसासाठी कोणी थांबत नाही. लग्नासाठी थांबतात, कारण लग्नात रस्ता अडवायचा असतो हे प्रत्येकाने स्वतःच्या लग्नात करून पाहिलेलं असतं. ‘अरे, गोरा नवरदेव!’ असं कुणीतरी ओरडलं. युहानीने वाकून नमस्कार केला.

रिसबूड सर्वांत पुढे होते. घाईघाईने चालत होते. मागे वळून पाहिलं, तर बँड रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या फटीत, गोल करून उभा होता.

‘अहो नियाजभाई, चला ना!’

‘वरात पळत नसते साहेब. मध्यात कुणाला तरी नाचावं लागतं. नाचल्याशिवाय पोरांचे पाय उचलत नाहीत. रीत आहे.’

‘आमच्यात कोणी नाचत नाही!’

‘मग आम्ही उभे.’

अलीकडच्या बाजूच्या गाड्या अजून सुरूच होत्या. नाच दिसला असता तरच त्या थांबल्या असत्या. बारा वाजून गेले होते. कमानीखाली शैलाताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रिसबुडांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात वर केले. त्याला नाच म्हणावं की शरणागती, हे लांबून कळण्यासारखं नव्हतं. पण मग रेयोंनीही हात वर केले. मग त्यांनी एक पाय वर केला. मग, तीन दिवसांत मोजकेच शब्द बोललेला तो माणूस डोळे मिटून असा काही नाचू लागला, की एका मोटरसायकलवाल्याने गाडी स्टँडला लावून त्याला साथ दिली. दुसऱ्या बाजूचा रस्ताही थांबला. नियाजभाईंनी मान डोलावली आणि बँड हलला.

बारा वाजून दहा मिनिटांनी वरपक्ष कमानीखाली उभा होता. पायावर पाणी घातलं गेलं, औक्षण झालं. पिर्कोंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की हे नाचायचं प्रकरण त्यांनाही नवीन असावं. बँड वाजवत वाजवत परत पलीकडे निघून गेला. शैलाताईंनी घड्याळ पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. अशा नजरेने त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘आणलंत हो,’ त्या म्हणाल्या. ‘मला नव्हतं वाटलं.’

रिसबूड पंख्याखालच्या खुर्चीत बसले. कुणीतरी पन्हं दिलं. आतून काहीतरी निवल्यासारखं वाटत होतं. युहानी पाटावर जाऊन उभा राहिला. पूर्णिमा गौरीहारापुढून उठून आली. अंतरपाट धरायला दोघं पुढे झाले. अक्षता वाटून झाल्या. सगळे वाट पाहू लागले. मग कशाची वाट पाहतोय, हे एकेकाच्या लक्षात येऊ लागलं.

‘गुरुजी कुठायत?’ शैलाताईंनी विचारलं.

रिसबुडांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

‘गुरुजी, कुठे आहात?’

‘समोरच,’ गुरुजी म्हणाले.

‘समोर म्हणजे?’

‘हॉटेलपाशी. स्कूटरने वळायला जागाच नाही हो, म्हणून ती इकडेच लावली. म्हटलं चालत जाऊ. कमान दिसतीये मला.’

‘कधीपासून उभे आहात?’

‘झाला की थोडा वेळ. मध्ये एकदा रस्ता थांबला होता. पण कुणाची तरी वरात चालली होती. म्हटलं, दुसऱ्याच्या वरातीत घुसू नये. ती जाऊ द्यावी, मग आपण निघावं.’

रिसबुडांनी मान वळवली. खिडकीतून त्यांना लाल माणसाखाली एक पिवळं उपरणं दिसत होतं. नियाजभाईंचा नवरदेव पोचला होता आणि बँड त्याला घेऊन बोळातून दुसऱ्या दिशेला चालला होता.

‘मी फोनवरून मंगलाष्टकं म्हणू का?’ गुरुजींनी विचारलं. मागे टँकरचा हॉर्न वाजत होता.

‘नको,’ शैलाताई म्हणाल्या. त्या रिसबुडांच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या.

गुरुजी रिक्षाने वळसा घालून आले. लग्न पावणेतीनला लागलं. तोवर दोन पंगती उठल्या होत्या.